सिग्नलच्या वाटेतली माणसं

माशांची काचेची टाकी न्हाणीघरात आहे. मासे तीन, तिन्ही ठीक.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात उभे आहेत.

माणसाच्या शरीरात दोन तृतीयांश पाणी असतं.

"महाराज, बाहेर कोणीतरी वाट बघतंय."

वरील नोंदींचा परस्परसंबंध पुढीलप्रमाणे.

शाळेच्या नाटकात धाकटीला द्वारपालाचं काम मिळालं होतं. वाक्य एकच, वर दिलेलं. पंधरा दिवस ती ते घरभर म्हणत होती, दात घासतानासुद्धा. नाटक सहाला, वाक्य साधारण साडेसहाला. शाळेने थेट प्रक्षेपणाची सोय केली होती आणि बाबांनी टीव्हीला लावायची नवी स्टिक आणली होती. "मोठ्या पडद्यावर चेहरा कसा स्वच्छ दिसतो!" ते म्हणाले.

"नक्की बघणार ना?" धाकटीने निघताना तीनदा विचारलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

सहा वाजता पडद्यावर एक गोल फिरू लागला. सहा दहालाही तो फिरतच होता.

बाबांची नोकरी आवक-जावक विभागातली. टप्पा गाळून पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला, तक्रार क्रमांक उतरवून घेतला आणि स्पीकर चालू केला.

"सर, स्टिक काढून परत लावा."

लावली.

"राउटर बंद करून तीस अंक मोजा."

मोजले. मग कपाट सरकवलं. मग मायक्रोवेव्हची पिन काढली.

"मी काय म्हणतो—" आजोबा म्हणाले.

"अण्णा, दोन मिनिटं थांबा हो. तो सांगतोय ना!"

"पाणी लहरी शोषून घेतं, सर. खोलीत पाणी आहे का?"

माशांची टाकी न्हाणीघरात गेली. सिग्नलची एक दांडी वाढली. बाबांनी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

बाहेर कुठेतरी टाळ्या वाजल्या. फोनवरचं नीट ऐकू येईना, म्हणून आईने खिडकी लावून घेतली.

"अजून पाण्याचं काही?"

"तांब्या होता. नेला."

"माणसं किती?"

"तीन."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सर, माणसातही दोन तृतीयांश पाणीच असतं."

"म्हणजे आम्ही बाहेर जायचं?" आईने विचारलं. "मग बघायचं कोणी?"

"मॅडम, तो पुढचा टप्पा. आधी सिग्नल."

हे बाबांना पटलं. सेवाज्येष्ठतेनुसार आधी आजोबा जिन्यात गेले. दोन दांड्या. मग आई. तीन दांड्या. बाबा फोन घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि मान आत घातली.

"मान बाहेर, सर. डोक्यात तर पाणी जास्तच असतं."

"ते मी लग्नापासून सांगतेय," आई म्हणाली.

दार लोटलं गेलं.

"अभिनंदन, सर! मला इथून दिसतंय, दांड्या पूर्ण. चित्र एकदम स्वच्छ चालू आहे."

आतून टाळ्या ऐकू आल्या. त्याच टाळ्या जिन्याच्या खिडकीतून जरा आधी येऊन गेल्या होत्या.

"मी काय म्हणतो," आजोबा म्हणाले, "आपण सरळ—"

"अण्णा, तक्रार बंद होऊ दे आधी. मध्येच सोडली तर क्रमांक रद्द होतो."

समस्या सुटली का, असा प्रश्न आला. बाबांनी होय म्हटलं आणि पाच तारे दिले. नियमानुसार त्यात खोटं काहीच नव्हतं.

सात वाजता धाकटी आली. ओठावरची काजळाची मिशी पुसट झाली होती.

"पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे काय!" बाबा म्हणाले. "एकदम स्वच्छ!"

"आणि वाक्य काय खणखणीत म्हटलंस गं," आई म्हणाली.

आजोबा न्हाणीघरातल्या माशांकडे बघत होते.

"मी म्हटलंच नाही," धाकटी म्हणाली. "समोर बघितलं आणि विसरले."

सकाळच्या तालमीला गेली तेव्हा तिने पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर 'आजोबा', 'आई', 'बाबा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. शाळा घरामागच्या गल्लीत आहे, चालत चार मिनिटं.