सासूबाईंची शंभर काडतुसं

टापटीप शिकावी तर माझ्याकडून! आमच्या वायोमिंगमध्ये काडतुसं घरी भरणारा घरटी एक तरी सापडेल, पण माझ्या टेबलासारखं टेबल अख्ख्या तालुक्यात नाही. बारूद तोलायचा तराजू पुसलेला, प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी!

म्हणूनच यंदा नेमबाजीच्या स्पर्धेसाठी सासूबाईंनी मला शंभर काडतुसं भरायला सांगितली. आर्विला सासूबाई म्हणजे आमच्या क्लबच्या सात वेळच्या विजेत्या. चाळीस वर्षांत दुसऱ्यानं भरलेलं एकही काडतूस त्यांनी झाडलं नव्हतं. पण आता संधिवातानं बोटं आखडली होती. "लाइल, तुझ्यावर सोपवते," त्या म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला माणसांत धरलं हो!

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नादीन, म्हणजे माझी बायको, कचरा बाहेर काढत होती.

"लाइल, ही रिकामी डबी कसली?"

"प्राइमरची. आईंच्या काडतुसांची."

"यावर तर रायफल लिहिलंय!"

मी डबी तिच्या हातातून हिसकावून घेतली. प्राइमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी मसुराएवढी टोपी. तिच्यावर घोडा आपटला की बार उडतो. पिस्तुलाची टोपी नि रायफलची टोपी दिसायला सारखीच, पण रायफलची कडक. आणि सासूबाईंच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा त्यांनी मुद्दाम हलका करून घेतलेला, म्हणजे बार उडण्याऐवजी नुसतं खट् व्हायचं! टेबलावर एका वेळी एकच डबी ठेवायची, हा आमचा पहिला नियम. नव्या लोकांना तो शिकवतो कोण? मी!

फळीवर पाहिलं. पिस्तुलाची डबी शंभराच्या शंभर भरलेली.

"आत्ताच्या आत्ता सांग आईला," नादीन म्हणाली.

"अगं, तोंड काळं होईल माझं!"

सासूबाईंना आणायला गेलो, तर घाईत त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात कशाला तरी सणसणीत ठेचकाळलो.

"आधी उशीर करतोस, वर माझं घर पाडतोस?"

गाडीत मी कसाबसा धीर केला. "आई, ती काडतुसं..."

"देखणी भरलीस हो! मी मैत्रिणींनासुद्धा दाखवली."

मैत्रिणींनासुद्धा! मी गाडीचा वेग वाढवला.

मैदानावर तीस नेमबाज ओळीत उभे राहिले. मी सासूबाईंच्या मागे, हातरुमाल पिळत. ठो! उडालं. ठो! हेही उडालं. दहा झाली, बारा झाली. निभतंय की काय, असं वाटतंय तोच आवाज आला, खट्!

"थांबा! गोळीबार थांबवा!" मी बोंबललो.

अशी हाळी कुणीही देऊ शकतं, पण आमच्या मैदानावर नऊ वर्षांत कुणी दिली नव्हती. सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली नि सगळे मागे सरले. पंच मर्ल धावत आला. "कोणाला लागलं?"

"कुणाला नाही. मी... सासूबाईंच्या काडतुसांत मी रायफलचे प्राइमर बसवलेत."

"ते खट् माझं होतं रे," शेजारचा म्हातारा ऑर्विन म्हणाला.

सासूबाईंनी कानांवरचं झाकण काढलं. "काय म्हणतोय हा?"

मला तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं!

"अरे, पण तुझी झाडतंय कोण? ही माझी आहेत. हिवाळाभर रोज पाच-पाच भरलीत. बोटं आखडलीत माझी, अक्कल नाही!"

"मग मला कशाला सांगितलंत?"

"नादीन म्हणाली, जरा मान दे त्याला, बरं वाटेल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण चारचौघांत चूक कबूल केलीस, ते बघून मलाच बरं वाटलं, जावईबापू."

खरं सांगतो, मी फुलूनच गेलो. त्याच भरात विचारून बसलो, "मग माझी शंभर कुठं आहेत?"

"स्वयंपाकघरात. वाऱ्यानं दार सारखं आपटतं ना, त्याला चांगलं टेकण झालंय."

उजव्या पायाचा अंगठा सकाळपासून ठणकत होताच.