मणियार मास्तरांचं अनुमान

मणियार मास्तरांपुढं "आज लई गार पडलंय, राव" म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारत, "कशावरून?" समोरचा कुडकुडत असला तरी त्यांना ते पुरत नसे. "तुम्हाला हुडहुडी भरली, हे निरीक्षण. गारठा वाढला, हे अनुमान. ताप पण असू शकतो." माणूस बिचारा कपाळाला हात लावून बघत पुढं जाई.

जुन्नरच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, मी मराठी. घरंही लागून, ओटा एकच. मराठी शिकवणाऱ्याचा धंदाच मुळी राईचा पर्वत करायचा, आणि हा गृहस्थ शिवनेरीकडं बघूनसुद्धा म्हणणार, "या बाजूनं तरी किल्ला आहे." आमचं जमलं कसं, देव जाणे.

बाजारात येडगावची एक बाई भाजी घेऊन बसे. "गवार कवळी हाय, मास्तर."

"कशावरून?"

"मोडून बघा, न्हाई तर वाट सोडा!"

मास्तर खरंच एक शेंग मोडत आणि गंभीरपणे सांगत, "ही एक कोवळी आहे." बाकीच्या शेंगांबद्दल चकार शब्द नाही. मग बाई आम्हा दोघांचाही उद्धार करी.

वर्गात तर कहरच. पोरं प्रयोगाचं अनुमान प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवत, थोरल्या भावाचं बघून. मास्तर ओरडत, "जेवढं दिसलं तेवढंच लिहा! वर एक अक्षर चढवाल तर सोलून काढीन."

एकदा दिपोटी साहेब तपासणीला आले. मास्तरांनी परातीत पाणी ओतलं, मधे मेणबत्ती लावली. वर काचेचा पेला पालथा घातला की मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं, असा रिवाज. त्या दिवशी मेणबत्ती पेला घालायच्या आधीच विझली. पाणी जागचं हललं नाही. पण पोरांनी एकजात लिहिलं, "पाणी चढले. यावरून हवेचा पाचवा भाग प्राणवायू असतो."

साहेब खूश. "वा! पोरं तयार आहेत."

"तयार कसली, साहेब? सगळी खोटं बोलतायत," मास्तर म्हणाले, आणि अख्ख्या वर्गाला शून्य दिलं.

हेडमास्तर नंतर कळवळून म्हणाले, "अहो मणियार, पाचवा भाग म्हटला असता तर तुमच्या बापाचं काय जात होतं?"

"पण पाणी चढलं कुठं?"

बढती हुकली. मी चिडलो, त्यांना त्याचं काहीच नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. घरात दोघंच, मूलबाळ नाही. पुण्याला नेलं तेव्हा मीही सोबत होतो. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशा नाही. मास्तरांनी त्यांनाही सोडलं नाही. "कशावरून?" डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सगळं दाखवलं. मास्तरांनी नीट पाहिलं आणि मान डोलावली.

परत येताना एसटीत मी आपलं हळूच म्हटलं, "होतील हो बऱ्या." तर माझ्यावरच खेकसले, "कशावरून?" असा संताप आला मला! हा माणूस आहे का मोजपट्टी?

पुढं एका संध्याकाळी मी ओट्यावर निबंध तपासत बसलो होतो. त्यांच्या खिडकीतून मास्तरांचा आवाज आला. घरात ती दोघं हिंदीत बोलत.

"उरूस तक अच्छी हो जाएगी तू. मैं लेके जाऊंगा, टांगे में."

थोडा वेळ नुसता खोकला. मग भाभींनी विचारलं, हुबेहूब मास्तरांच्या सुरात, आणि मराठीत, "कशावरून?"

माझा हात निबंधावरच थांबला.

"मैं बोलता ना," मास्तर म्हणाले. "बस."

भाभी हसल्या. पुन्हा खोकला येईपर्यंत हसल्या.

मास्तर बाहेर आले ते डोळे पुसतच. मला पाहून थबकले. "ऐकलंत?"

"छे! मी आत्ताच येऊन बसलोय."

माझ्या एका बाजूला तपासलेल्या निबंधांचा हा एवढा ढीग, दुसऱ्या बाजूला साय धरलेला गार चहा. मास्तरांनी ढीग पाहिला, चहा पाहिला. माझ्या शेजारी टेकले.

कशावरून, म्हणून काही त्यांनी विचारलं नाही.