डोंगराची बदली

ठोंबरे सर घरातसुद्धा हेल्मेट घालून बसतात. त्यांच्याकडे गाडी नाही. भाजी निवडताना हेल्मेट, पेपर वाचताना हेल्मेट. दाढी करताना फक्त काच वर. पोरं खिडकीतून ओरडतात, "सर, लायसन दाखवा!" सर म्हणतात, "हसा लेको. डोंगराला विनोद कळत नाय."

डोंगर खराच आहे. आमची वस्ती वाळूजच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची. वस्तीमागच्या टेकडीचा पाय एक ठेकेदार पोकलेननं खातोय, रस्त्याला मुरूम हवा म्हणून. खालचा मुरूम गेला, वरचा काळा दगड मोकळ्या जागेवर तसाच लटकतोय. मी पत्रकं वाटते, निवेदनं देते. सरकारी ऑफिसातले साहेब 'बघतो' म्हणतात. बघायला खुर्चीवरून उठावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. सरांचं घर टेकडीपासून सगळ्यात लांब, रस्त्यालगत. दगड तिथवर पोचणार नाही. तरी हेल्मेट.

सर भूगोल शिकवून रिटायर झाले. निम्मं आयुष्य बदल्यांत गेलं, म्हणून खडकाचं चक्रही ते त्याच भाषेत सांगतात. "हा डोंगर आधी लाव्हा. वर आला, थंड झाला, काळा पाषाण म्हणून इथं रुजू झाला. ऊनपावसानं त्याचा मुरूम, मुरमाची माती. माती नाल्यातनं गोदावरीत, तिथनं समुद्रात. तळाला थरावर थर दाबून पुन्हा खडक. लई खाली गेला, ताव आणि दाब बसला, की त्याचं रूपच पालटतं. अजून खाली गेला की वितळून परत लाव्हा. दगड रिटायर होत नाय पोरी. त्याची बदली होते."

"मग एवढं भ्यायचं कशाला?"

"अगं, ह्या बदलीला कोट्यवधी वर्षं लागतात. ठेकेदारानं ऑर्डर हातोहात काढली!"

पावसाळ्यात लटकत्या दगडाला चीर पडली. खालून जाताना मानेवर मुरमाची पूड गळायची आणि माझे पाय आपोआप पळायला लागायचे. सरांनी चिरेवर, हात पोचेल तिथं, पानाच्या चुन्याचे ठिपके लिंपले. ठिपका तडकला की दगड सरकला, असं समजायचं. मंगळवारी ते ठिपके बघायला गेले तर भोवती शेंदूर! खाली नारळ, अगरबत्ती, आणि आमच्या शेजारच्या शोभाताई लेकरू मांडीवर घेऊन त्याच दगडाला पाठ टेकून बसलेल्या.

"सर, देव निघाला बघा! डोळे उमटलेत."

"ताई, ते डोळे मी काढलेत. चुन्यानं."

"तुमच्या हातून काढून घेतले त्यानं!" शोभाताईंनी हात जोडले.

पुढच्या मंगळवारी अख्खी गल्ली आली. मी संतापून पत्रक काढलं: 'दगडाला देव म्हणू नका, दगडाला दगड म्हणा!' बायकांनी त्यात प्रसाद बांधून नेला. सर हातापाया पडले, ओरडले. उपयोग शून्य. मग एक दिवस मधला ठिपका आरपार तडकलेला दिसला. सरांच्या तोंडाचं पाणी पळालं. "पोरी," ते कुजबुजले, "आरती चालू असतानाच खाली आला तर?"

मंगळवार उजाडला. दगडाकडे निघालेल्या बायकांना सरांनी रस्त्यातच अडवलं. त्यांच्या अंगणात तुळशीजवळ एक काळा गोटा मांडलेला, शेंदूर फासलेला, चुन्याचे दोन डोळे. "देवाची बदली झाली!" सर गरजले. "रात्री सपनात आला. म्हणाला, आता मला इथं भेटा. तिकडं जो पाय ठेवील त्याच्यावर कोप!"

शोभाताईंनी गोट्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि चपला काढल्या.

मी मात्र पेटले. "सर, तुम्ही? आयुष्यभर विज्ञान शिकवून?"

"व्हय, खोटं बोललो. तू हापिसात खरं बोलतीस ना? उठलं का कुणी?"

 

पोकलेन चालूच आहे. मंगळवारी मात्र सरांचं अंगण भरतं. सरांची बायको वारल्यापासून त्या घरात कुणी फिरकत नव्हतं. पुण्याच्या मुलाचा फोन दिवाळीला. आता सर सकाळपासून सतरंजी झटकतात, मोठ्या पातेल्यात चहा टाकतात. शोभाताईंचं लेकरू त्यांच्या मांडीवर झोपतं.

परवा बायका नुकत्याच गेल्या होत्या. टेकडीकडून काहीतरी घसरल्याचा आवाज आला, धूळ उठली. आम्ही दोघं अंगणात थिजून उभे राहिलो. धूळ बसली. दगड जागेवरच होता.

"यंदा पडणारच तो, सर. पण खाली कुणी नसेल. तुमच्यामुळं."

सर उष्टे कप गोळा करत होते. 

"पडला की त्यांना कळंल ना, मी का खोटं बोललो ते," ते म्हणाले. "मग ह्या कशाला येतील गं माझ्याकडं?"