मधल्या फळीतला परशा

परशराम चौगुले बंगळुरूत आमच्याकडे पहिल्यांदा जागा बघायला आला, तेव्हा मी त्याला चहा दिला. कप हातात घेण्याआधी त्यानं उजव्या खांद्यावरून मागे बघितलं, मग डाव्या खांद्यावरून. मागे आमचं शोकेस होतं आणि भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. दोघांपैकी कुणाचाच इरादा वाईट नव्हता. साखर हवी का म्हणून विचारलं, तर पुन्हा तेच. उजवीकडे, डावीकडे, आणि मग म्हणाला, "स्वल्प घाला, वैनी."

तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "या माणसाच्या मागे कोणीतरी लागलंय. पोलीस तरी, नाहीतर बायको तरी."

"बायको नाहीये त्याला, मी विचारलंय," हे म्हणाले. "म्हणजे पोलीस."

दोन्ही नव्हतं. परशा पोटासाठी फुटबॉल खेळत होता, आणि तोही मधल्या फळीत. पुढे धावून गोल मारणारे वेगळे, मागे उभं राहून गोल वाचवणारे वेगळे. या दोघांच्या मधे दिवसभर नुसता पळत असतो, तो परशा. "चेंडू येण्याआधी बघायचं असतंय, वैनी," त्यानं पुढे कधीतरी मला समजावलं. "आल्यावर बघितलं तर उशीर झाला. मागं कोण हाय, बाजूला कोण हाय, सगळं आधी बघून ठेवायचं. लहानपणापासनं सवय लागली, आता जात न्हाई."

जात नाही म्हणजे अजिबात जात नाही. भाजी घेताना, लिफ्टची वाट बघताना, देवळात तीर्थ घेताना मान आधी दोन्हीकडे फिरणार. मला स्वतःला त्याचा फायदाच झाला. जयनगरच्या बाजारात आम्ही चाललो होतो, मी साड्यांच्या दुकानाकडे बघत, तो माझ्या पिशव्या घेऊन मागे. एकदम ओरडला, "वैनी, डावीकडनं माणूस!" मी जागच्या जागी थांबले आणि एक स्कूटर माझ्या पदराला घासून गेली. चाळीस वर्षं संसार केला, पण डावीकडून काय येतंय ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

सध्या तो एका शाळेत मुलींच्या संघाला शिकवतो. मी सांगतेय ते तो खेळत होता तेव्हाचं.

मूळचा बेळगावचा. आईवडील राहिले नव्हते, भाऊ कामासाठी आखातात. बंगळुरूच्या एका क्लबनं त्याला घेतलं म्हणून आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला, आणि पुढच्याच वर्षी त्या क्लबनं त्याला सोडलं. मग गोवा झालं, कोलकाता झालं, केरळ झालं, मिझोरम झालं, पंजाब झालं. कुठे एक सीझन, कुठे दीड. वर्षातला बराचसा काळ बाहेरच. तरी त्यानं आमची खोली सोडली नाही. मी म्हटलं, "अरे, राहत नाहीस तर भाडं कशाला भरतोस?" त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठंतरी चप्पल काढून ठेवायला जागा पाहिजे की."

इतकी गावं फिरल्यामुळे परशाला आठ भाषा येतात, असं आमचे हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. एकदा ह्यांनी त्याला मुद्दाम बंगाली मिठाईच्या दुकानात नेलं. "बोल की त्यांच्याशी त्यांच्या भाषेत!" परशा लाजला, नको नको म्हणाला. हे ऐकेनात. शेवटी परशानं छाती भरून घेतली आणि गर्जना केली, "छाड! छाड! पेछोने!"

मिठाईवाल्याच्या चिमट्यातला रसगुल्ला परत पाकात पडला. आतून एक म्हातारे गृहस्थ धावत आले. नंतर उलगडा झाला, मराठी, कन्नड, हिंदी सोडली तर परशाला बाकीच्या भाषांमधले चार-चारच शब्द येत होते: सोड, माझा, वळ, मागे माणूस. मैदानावर तेवढेच लागतात. मल्याळीतही तेवढेच, मिझोतही तेवढेच. "पण माझं कुठं अडलं न्हाई," तो म्हणायचा. "माणसाला आणखी सांगायचं तरी काय असतंय?"

सुट्टीत घरी असला की त्याचा व्यायाम चाले. सकाळी लालबागेत धावून यायचा आणि गच्चीवरच्या निळ्या ड्रममधे बर्फाचं पाणी भरून त्यात गळ्यापर्यंत बसायचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या लक्ष्मक्काला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती कपडे वाळत घालायला वर गेली आणि बादली तिथेच टाकून खाली आली. "अम्मा, ड्रममधे माणूस आहे! डोळे मिटलेत!" मी धावत वर गेले. परशानं एक डोळा उघडला आणि दात वाजवत म्हणाला, "येऊलालोय, येऊलालोय, दोनच मिनिटं." पुढे लक्ष्मक्काला त्याची इतकी सवय झाली की ती त्याच ड्रमच्या कडेवर चिमटे ठेवून कपडे वाळत घालायची.

त्याच्या लग्नाची खटपट मीच केली. माझ्या भाचीची एक मैत्रीण, मूळ पुण्याची, इथल्याच एचएसआर लेआउटमधे राहायची, आयटीत होती. तिचे वडील मुद्दाम पुण्याहून आले. पोहे झाले, चौकशा झाल्या. वडिलांनी विचारलं, "सध्या कुठे असता?" परशा सरळ माणूस. म्हणाला, "क्लबनं यंदा मला लोनवर दिलंय."

वडिलांनी बशी खाली ठेवली. "लोन? किती?"

"अख्खा सीझन."

"आणि फेडायचं कोणी?"

"फेडायचं काय त्यात? सीझन संपला की त्या टीमकडनं मी परत माझ्या क्लबात."

मुलगी ओढणी तोंडावर धरून हसत होती. तिला तो आवडला होता, मला दिसत होतं. गॅलरीत दोघं थोडा वेळ बोललेही. मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे असशील?" आणि परशानं खरं तेच सांगितलं, "माहीत न्हाई." खोटं बोलायला तिथे काहीच हरकत नव्हती, मी नंतर त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "ती नोकरी सोडून कुठं कुठं येणार होती, वैनी? मीच न्हाई म्हटलो असतो तिच्या जागी." तिचं वर्षभरात दुसरीकडे जमलं. लग्नाला आम्ही तिघंही गेलो. परशा वऱ्हाडाच्या बॅगा उचलत होता.

त्याचे सामने आम्ही टीव्हीवर बघायचो. आमच्या ह्यांना क्रिकेटखेरीज खेळ माहीत नाही, त्यामुळे सुरुवातीला घरात फार वैताग. "चेंडू तिकडे आहे आणि हा इकडे काय पळतोय?" "याला गोल मारायचा असतो हे सांगितलंय ना कोणी?" कॉमेंट्री करणारे सगळ्यांची नावं घ्यायचे, परशाचं सोडून. मी एकदा फोनवर म्हणाले, "तुझं नाव एकदाही घेतलं नाही रे." तो खूश झाला. "म्हणजे चूक झाली न्हाई. माझं नाव घेतलं तर समजायचं, काहीतरी सांडलं."

मग हळूहळू आम्हाला दिसायला लागलं. समोरचा कोणी जोरात सुटला की त्याच्या वाटेत परशा आधीच जाऊन उभा असायचा. आपल्या संघातलं कोणी अडचणीत सापडलं की चार पावलांवर परशा हात खालून हलवत, "इकडे दे, इकडे दे." अडचणीतला चेंडू घ्यायचा, तो सोपा करायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. एका सामन्यात त्याला शेवटी शेवटी बाहेर बोलावलं, एक ताज्या दमाचा खेळाडू आत पाठवला, आणि पाहता पाहता संघाची उसवलेल्या शिवणीसारखी दशा झाली. लागोपाठ दोन गोल खाल्ले. आमचे हे उठून उभे राहिले. "त्याला कशाला काढला? मूर्ख आहेत का हे लोक?" त्या दिवसापासून ते टीव्हीवर चेंडूकडे बघेनासे झाले. फक्त परशाकडे बघायचे.

इतक्या वर्षांत त्यानं एकच गोल मारला. दुसऱ्याचा फटका याच्या पाठीवर आपटून आत गेला. आम्ही पेढे आणले. तो संकोचून ह्यांना म्हणाला, "तो माझा न्हवं, अण्णा. मी तर वाकून बुटाची नाडी बघत होतो."

दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि परशा म्हणायचा, "खिडकी उघडली." पहिल्या वर्षी मी वर जाऊन खोलीची खिडकी लावून आले होते. मग कळलं, खेळाडूंना या क्लबातून त्या क्लबात जायची जी ठरावीक मुदत असते तिला खिडकी म्हणतात. ती उघडी असेपर्यंत एजंटचा फोन यायचा, परशा बॅग भरायचा, मी लाडू द्यायची. कधी महिन्यात, कधी अगदी शेवटच्या दिवशी, पण फोन यायचा.

याच काळात, तो घरी असताना, रोज संध्याकाळी गच्चीवर त्याचं वेगळंच फोनवर बोलणं चालायचं. हळू आवाजात, कठड्याला टेकून. मी मनात म्हटलं, आली कोणीतरी. एकदा कपडे काढायच्या निमित्तानं वर गेले, तर ऐकू आलं, "खाना खाया? घुटना कैसा है?" माझा हिरमोड झाला. गुडघ्याची चौकशी करावी लागणारी ही कोण नायिका, मला कळेना.

गेल्या वर्षी तो पस्तिशी ओलांडून गेला होता. खिडकी उघडली. परशानं धावणं वाढवलं, भात सोडला, ड्रममधे दोनदा बसायला लागला. एजंट आधी "बघतो" म्हणाला, मग "सांगतो" म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. शेवटच्या दिवशी मी लाडू करून ठेवले होते. परशा खाली आमच्याकडेच बसला होता, फोन टीपॉयवर पालथा ठेवून. ह्यांनी उगाच टीव्ही लावला, उगाच बंद केला. नऊ वाजता परशा उठला. "सरी, बरं मग, वैनी. झालं," म्हणाला आणि वर गेला. जाताना त्यानं मागे वळून बघितलं नाही, ना उजवीकडे ना डावीकडे.

त्यानंतर तो चार-पाच दिवस खाली आला नाही. जेवण मी वर नेऊन ठेवायची, अर्धं परत यायचं. लालबाग बंद. संध्याकाळचं गच्चीवरचं बोलणंही बंद. हे दोनदा जिना चढून गेले आणि पाण्याची टाकी तपासून खाली आले.

मग एका संध्याकाळी फाटकाशी एक माणूस उभा राहिला. इतका उंच की आमच्या जास्वंदीच्या वरून त्याचं डोकं दिसत होतं. दाढी, पगडी, आणि चालताना एक पाय किंचित ओढत होता. "पारस भाई इथेच राहतो का?" त्यानं हिंदीत विचारलं. त्याचं नाव गुरजीत. कधीकाळी परशाच्या संघाचा गोलकीपर होता. गुडघा गेला, क्लबनं सोडलं, आता शहराबाहेर एका गोदामात सुपरवायझर होता.

मी त्याला जिन्यातच विचारलं, "तुम्हाला कोणी कळवलं?"

"कोणीच नाही, आंटी. माझा खेळ सुटला तेव्हा महिनाभरात सगळ्यांचे फोन बंद झाले. याचा मात्र रोज येतो. जिथे असेल तिथून. मला एकट्यालाच नाही, आम्ही पाच-सहा जण आहोत असे, सगळ्यांना करतो. जेवलास का, गुडघा कसा आहे, बास, एवढंच बोलतो." तो दोन पायऱ्या चढून थांबला, गुडघ्यावर हात ठेवून. "या आठवड्यात कोणालाच आला नाही. म्हणून आलो."

परशा गच्चीवर खाली मान घालून बसला होता. गुरजीतला बघून उठला. गुरजीतनं विचारलं, "फोन का नाही केलास?"

परशा म्हणाला, "आता मी कोणत्या तोंडानं करू? तुम्हाला धीर द्यायला मी कुठल्यातरी टीममधे तरी पाहिजे होतो."

"अरे वेड्या," गुरजीत म्हणाला, "तू टीममधे आहेस म्हणून मी फोन उचलत होतो का?"

मी जिन्यातून मागे फिरले. स्वयंपाकघरात येऊन आणखी कणीक भिजवायला घेतली, त्या पंजाब्याच्या अंगाकडे बघून चांगली भरपूर. हे दारात येऊन उभे राहिले आणि नजरेनं विचारलं, वर काय चाललंय? मी बोट ओठांवर ठेवलं. मग वर दोघांपैकी कोणीतरी फार मोठ्यानं नाक शिंकरलं. कोणी, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.