माफ केलं, जाय!

पौलसनानांच्या पायावर चुकून तुमचा पाय पडला, की तुम्ही 'अरेरे' म्हणायच्या आत नाना गरजायचे, "माफ केलं तुले, जाय!" तेही असं, की सगळ्या बाजाराने वळून बघावं. ओशाळायचं राहिलं बाजूला, माणूस उलट चिडायचा.

आम्ही जळगावात भिंतीला भिंत लावून राहायचो. लढाईचे दिवस, रॉकेलची मारामार. नाना सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी वाहायचे. पाद्रीसाहेबांकडून बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्यांना माफ करायचं वेडच लागलं होतं. आमच्या बकरीने त्यांची मेथी खाल्ली, तर बकरीला माफ केलं. मी म्हटलं, "नाना, त्या मुक्या जिवाला काय कळतंय?" तर मलाही केलं! अस्सा राग यायचा म्हणून सांगू!

पण त्यांनी खरी माफी दिली होती ती असोदा गावातल्या आपल्या घराला. बाप्तिस्म्याची बातमी कळताच धाकट्या भावाने त्यांच्या नावाने आंघोळ केली. उंबरा कायमचा बंद. आता, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे वारलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नानांची आई नवऱ्याच्या घागरीशेजारी या जित्याजागत्या लेकाचीही घागर भरू लागली. नाना हसायचे. "घागरीत काय असतं? नुसतं पानी! येड्यांचा बाजार बठ्ठा!"

असं म्हणायचे आणि दर आखाजीच्या तोंडावर असोद्याच्या कुंभाराकडे जाऊन विचारायचे, "आमच्या घरी घागरी किती गेल्या?"

"दोन," असं कुंभार म्हणाला की स्वारी खूश. "म्हंजे मायले याद आहे माही!"

एका वर्षी मलाही घागर आणायची होती, म्हणून सोबत गेलो.

"औंदा किती?"

"दोनच, नाना."

नाना माझ्याकडे बघून असे हसले, जणू स्वतःच घडवल्या होत्या त्या घागरी. कुंभाराचं तोंड मात्र उतरलं.

"नाना, एक तुमच्या बापाची. दुसरी तुमच्या मायची. दिवाळीलेच गेली ती. तुम्हाले कोनी सांगलं नाही?"

"आन माही?"

कुंभार खाली मान घालून चाक फिरवत राहिला. मेलेल्याला मयताचा निरोप कोण धाडणार?

परतताना माझंच डोकं फिरलं. "भाऊ कसला, कसाई मेला! आईचं शेवटचं तोंडसुद्धा दाखवलं नाही!"

नानांनी सवयीने तोंड उघडलं. "माफ..." पुढचा शब्द काही येईना. वाटेतल्या निंबाखाली ते बसले. मीही बसलो, नवी घागर मांडीवर घेऊन.

"नुसतं पानीच होतं, भाऊ," ते म्हणाले. "पन ते माय भरे."

मग उठताना मी मुद्दाम त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात, आणि वाट पाहत उभा राहिलो.

नानांनी नुसता पाय आखडून घेतला.