न पडलेल्या ताटाची बखर

श्री. नादास प्रथम नमन, कंठास दुसरे. तिसरे कानास करावे, तर या कथेत सारा अनर्थ कानानेच केला, म्हणोन त्यास वगळून लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, रविवार, ते दिवशी दोन प्रहर टळल्यावर एका राज्यात मोठा कलह जाहला, त्याचा मजकूर साद्यंत येणेप्रमाणे. राज्य कोणते म्हणाल, तर हमरस्त्यास लागून, पेट्रोल पंपाचे पलीकडे, आत सोळा टेबले, एक लाकडी मंच, आणि दारावर निळ्या दिव्यांचा 'लाइव्ह म्युझिक' ऐसा फलक, त्यातील एक अक्षर कायमचे विझलेले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील माणसे भली आहेत. लिहिणाराचेही नाव लिहीत नाही, ते मात्र निव्वळ लाजेने. या बखरीत जो पराक्रमी पुरुष पुढे येईल तो लिहिणार स्वतःच, हे आरंभीच कबूल करून ठेवतो, म्हणजे वाचणाराने उगाच दुसऱ्या कोणास शिव्या घालू नयेत.

राज्याचे धनी दिनकरशेठ गुंजाळ, मनुष्य मितभाषी. त्यांचे कारभारी बसप्पा कॅप्टन, खांद्यावर नॅपकिन, आणि सोळाही टेबलांची खबर डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवून असत. आणि राज्याची खरी शोभा म्हणजे ललिताताई सोनटक्के. अकरा वर्षे दर रविवारी चार ते सात त्या मंचावर उभ्या राहत आणि जुनी हिंदी-मराठी गाणी गात, आणि विल्सन नामे गृहस्थ कीबोर्डवर साथ करीत. ऐकावयास नेहमीचीच माणसे येत, त्यांत मंचासमोरील टेबलावर एसटीतून निवृत्त जाहलेले कंडक्टर घोरपडेमामा मुख्य. आणि लिहिणारही तीन वर्षे न चुकता येत होता. लिहिणार मोजणी खात्यातला, लहानपणी चार वर्षे पेटी शिकलेला, आणि त्या चार वर्षांच्या भांडवलावर चाळीस वर्षे रसिकपणा करीत आलेला. दर रविवारी मध्यंतरात मंचापाशी जाऊन विल्सनची चूक कोठे जाहली ते सांगावे आणि मग समाधानाने सोडा प्यावा, ऐसा आमचा नेम होता. विल्सन ऐकून घेई. ऐकून घेणारास आपण शिकवितो आहो ऐसे आम्हांस वाटे, त्यास कंटाळा येत असेल हे मनातही आले नाही.

त्या रविवारी आमचे मेहुणे शिरीषराव बडोद्याहून आले होते, आणि मेहुण्यापुढे छाप पडावी ही इच्छा कोणास सुटली आहे? मार्गशीर्ष चालला म्हणोन कबाब वर्ज्य, मद्य मात्र वर्ज्य नव्हे, ऐसा घरचा शास्त्रार्थ करून आम्ही उभयता पावणेचारास दाखल जाहलो. मग गाणे सुरू जाहले, आणि शिरीषराव मध्येच हात धुवावयास गेले, ते बेसिनपाशी घोरपडेमामांशी बोलत बराच वेळ उभे राहिले, आणि परत आले ते ताईंकडे फार लक्ष देऊन पाहू लागले. आम्हांस वाटले, गाण्याचा गुण. इतक्यात मसाला पापड आला, आणि तो मऊ निघाला. एवढेच निमित्त. मेहुण्यादेखत मऊ पापड म्हणजे आमच्या रुबाबास धक्का, म्हणोन आम्ही बसप्पास बोलावून घेतले आणि म्हणालो, "कॅप्टन, हा पापड आहे का घडी घातलेला रुमाल?" बसप्पा म्हणाले, "चुकलं साहेब. दुसरा आणतो की, आत्ता आणतो." आणि ताट उचलू लागले. तेथे प्रकरण मिटावे, परंतु आम्ही ताटावर हात ठेवला आणि म्हणालो, "दुसरा नकोय. हा असा आला कसा, ते सांगा आधी."

आता येथे एक गोष्ट सांगणे अगत्य आहे. दसऱ्यापासून त्या राज्यात दर रविवारी, तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याला, काउंटरपाशी बसप्पांच्या हातून एक स्टीलचे ताट पडत असे. दर रविवारी. आम्ही त्यावरूनही दोनदा तक्रार केली होती की गाणे चालता भांडी आपटू नका, आणि बसप्पा दोन्ही वेळा 'हो साहेब' म्हणाले आणि पुढल्या रविवारी पुन्हा ताट पडले. तर त्या दिवशी तिसरे गाणे चालले होते, पहिला अंतरा संपला होता, आणि बसप्पांची नजर सारखी काउंटरकडे जात होती. ते म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं सोडा मला. हात जोडतो. लगेच येतो." आम्ही म्हणालो, "मी बोलतोय आणि तुमचं लक्ष कुठं आहे? गिऱ्हाइकाला काही किंमत आहे का नाही?" आणि त्यांच्या खांद्यावरील नॅपकिनाचे टोक धरून ठेवले. होय, धरून ठेवले. लिहिताना हात थांबतो, परंतु जे जाहले ते जाहले. आणि त्याच क्षणी काउंटरच्या बाजूने ताट पडल्याचा खणखणीत आवाज आला, आणि बसप्पा तर आमच्यापुढे उभे, आणि काउंटरपाशी कोणी नाही, आणि जमिनीवर ताट नाही. मग पाठोपाठ घोरपडेमामांचा आवाज आला, "वा ताई!" आणि मामांचे तोंड तर उकडलेल्या शेंगांनी भरलेले. मामांनी घाईघाईने गिळले आणि म्हणाले, "वा ताई!" तेव्हा ती दाद दोन वेळा जाहली, एक स्पीकरमधून आणि एक मामांच्या मुखातून.

आमचा कान हो! त्यास किती आनंद जाहला म्हणोन सांगावे. तीन वर्षांत प्रथमच आम्हांस या राज्यात काही खरोखरीचे सापडले होते. आम्ही उठून उभे राहिलो आणि साऱ्या दरबारास ऐकू जाईल ऐसे म्हणालो, "हे रेकॉर्डिंग आहे! बाई गात नाहीयेत, नुसते ओठ हलवतायत! लाइव्ह म्हणून फसवणूक चाललीय सगळी!" शिरीषरावांनी आमची बाही ओढली, "दाजी, बसा. दाजी, खाली बसा." आम्ही बसलो नाही. मग ललिताताईंनी आमच्याकडे पाहिले आणि तोंड मिटले, आणि त्यांचे तोंड मिटलेले असता त्यांचा आवाज तैसाच पुढे गात राहिला, एक पूर्ण ओळ, सुरेल, भरलेला, अगदी निर्दोष. त्यानंतर विल्सनने हात पुढे करून तो बंद केला. ताई मंचावरून उतरल्या आणि आमच्या टेबलापाशी आल्या, आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो कोरडा कागद फाटावा तैसा. त्या म्हणाल्या, "साहेबांचं बरोबर आहे. कान चांगला आहे साहेबांचा." आणि पर्स घेऊन मागल्या दाराने निघून गेल्या.

आम्हांस वाटले होते, लोक टाळ्या देतील. कोणी दिल्या नाहीत. कोणी भांडलेही नाही. दिनकरशेठ आले आणि म्हणाले, "चूक आमचीच आहे, साहेब. अभिप्रायाची वही देऊ?" तेव्हा तरी शुद्धीवर यावे! परंतु आम्ही वही घेतली आणि पान एकेचाळीसवर वळणदार अक्षरात 'ग्राहकांची घोर व पद्धतशीर फसवणूक' येथपासून प्रारंभ करून संपूर्ण पान भरले, आणि खाली हुद्द्यासकट सही केली. बसप्पा तोवर दुसरा पापड घेऊन बाजूस उभे होते.

मग रिक्षास रेल्वे फाटक बंद मिळाले तेव्हा शिरीषराव बोलले. म्हणाले, "नवरात्रात घशाचं ऑपरेशन झालंय ताईंचं. चैत्रापर्यंत गायचं नाही, बोलायचंसुद्धा कमीच. शेठच्या भागीदाराला तिथं मॅचचा पडदा लावायचाय, जागा रिकामी दिसली की लावणारच. म्हणून विल्सननं एका जुन्या रविवारचं रेकॉर्डिंग काढलं. त्या दिवशी नेमकं ताट पडलं होतं आणि मामा ओरडले होते, ते त्यात आलंय. म्हणून तो कॅप्टन दर रविवारी ताट पाडतो आणि मामा ओरडतात. आता तीनच महिने काढायचे राहिले होते, दाजी." आम्ही विचारले, "तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "मामांनी. बेसिनपाशी. सगळ्यांना माहीत आहे म्हणाले. मला वाटलं, तुम्हालाही..." आणि मग हळूच म्हणाले, "तुम्हाला नाही सांगितलं कोणी?" बडोद्याचा मनुष्य, अर्ध्या तासाची ओळख, त्यास सांगितले. तीन वर्षे दर रविवारी येणारास सांगितले नाही. त्या फाटकापाशी तोंड कोठे लपवावे ते आम्हांस कळेना. घरी येऊन हा मजकूर कुटुंबास सांगितला आणि म्हणालो, "मला का नाही सांगितलं?" ती ओटा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कशाला सांगतील?"

पुढल्या रविवारी क्षमा मागावी म्हणोन गेलो, तो मंच रिकामा, आणि मागील भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर कोणत्याशा दोन देशांची मॅच. भागीदार येऊन गेले होते, आणि वही चाळता पान एकेचाळीस त्यांच्या दृष्टीस पडले होते, आणि त्यांनी म्हटले होते की गिऱ्हाईकच लिहून देत असेल तर आता काय राहिले. मग आम्ही बसप्पास म्हणालो, "ते पान फाडून टाका हो. मीच लिहिलंय, मीच सांगतोय." बसप्पा म्हणाले, "पानांना नंबर आहेत, साहेब. फाडता येत नाही." आणि काही न मागता मसाला पापड आणून ठेवला, कुरकुरीत, कडेपर्यंत कांदा-टोमॅटो घातलेला. पुढे किती रविवार गेलो, दर वेळी पापड तैसाच, सोडा गार, टेबल स्वच्छ. सेवेत कसूर म्हणोन काढावयास जागा नाही. एकदा धीर करून घोरपडेमामांच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "मामा, माझी चूक झाली." मामा म्हणाले, "चूक कसली? तुम्ही खोटं कुठं बोललात? खरंच बोललात. बसा." आणि तोंड पडद्याकडे केले. क्रिकेटमधले त्यांना काही कळत नाही, हे साऱ्या राज्यास ठाऊक आहे.

नंतर शके १९४७ लागले, विश्वावसूनाम संवत्सर, आणि चैत्र शुद्ध एकादशी, मंगळवार, ते दिवशी ललिताताई मंचावर पुन्हा उभ्या राहणार ऐसी बातमी कानी आली. ती आम्हांस कोणी सांगितली नाही, दारावरील खडूच्या पाटीवर वाचली. रविवार पडद्याने जिंकलेला तो परत मिळाला नाही, दिनकरशेठनी भांडून मंगळवारची दुपार तेवढी मिळविली. मंगळवार आणि त्यात एकादशी, म्हणोन राज्यात माणसे आठ, आमच्यासकट. आम्ही मागल्या कोपऱ्यात, खांबाआड बसलो, आणि उपवास मोडून मसाला पापड मागविला. ताई गाऊ लागल्या. आवाज परत आला होता, परंतु सगळा आला नव्हता. खाली ठीक, वर चढताना पातळ. मग तेच गाणे आले, आणि दुसरा अंतरा जवळ आला, आणि आमच्या या चांडाळ कानास आधीच कळले की श्वास पुरणार नाही, आता फाटणार. आम्ही विचार केला नाही. पापडाचे ताट टेबलावरून ढकलून दिले. ते खणखणत पडले आणि पापड चार दिशांस गेला, आणि त्या आवाजात ताईंचा सूर फाटला तो कोणास ऐकू आला नाही.

आम्हांस वाटले, आता तरी काही फिटले. तो ताईंनी हात वर करून विल्सनला थांबविले, आणि खांबाआड आम्ही होतो तिकडे पाहून माइकवर म्हणाल्या, "साहेब, आता ताट नको. आता मीच गातेय. जसं येतंय तसं ऐका." रागाने म्हणाल्या नाहीत, ते अधिक लागले. मग तो अंतरा त्यांनी पहिल्यापासून घेतला, आणि तो त्याच जागी फाटला, आठही माणसांस स्वच्छ ऐकू गेला, आणि त्या थांबल्या नाहीत, फाटलेल्या आवाजानेच ओळ पुरी करून पुढली घेतली. मामा म्हणाले, "वा ताई!" आम्ही मान खाली घालून ऐकले. बसप्पा केरसुणी घेऊन आले. आम्ही खाली वाकून तुकडे गोळा करू लागलो तो म्हणाले, "राहू द्या साहेब, मी काढतो." आम्ही म्हणालो, "नको. माझ्यामुळं सांडलंय." बसप्पांनी सुपली आमच्याकडे सरकविली.

गाणे संपल्यावर दिनकरशेठपाशी वही मागितली. ते म्हणाले, "पुढची पानं कोरीच आहेत. लिहा."

येणेप्रमाणे न पडलेल्या ताटाची हकीकत, याच वहीत पान बेचाळीसपासून पुढे, लिहिणाराने स्वहस्ते लिहिली. मागील पान एकेचाळीसवर जे लिहिले आहे त्यातील अक्षरही खोटे नाही, आणि ते लिहिल्याची लाज जन्मभर पुरेल. ज्याने ते पान वाचले त्याने कृपा करून येथपर्यंत वाचावे. ललिताताई दर मंगळवारी चार ते सात गातात. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज फाटतो. ते सर्वांस ठाऊक आहे. आणि हे या खेपेस लिहिणारासही ठाऊक आहे.