गोगट्यांच्या कपाटाची किल्ली

कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत हरिहर गोगट्याच्या तोडीचा डिटेक्टिव्ह नव्हता. हे मत खुद्द हरिहर गोगट्याचं होतं आणि त्याला अजून दुसऱ्या कोणाचं अनुमोदन मिळालेलं नव्हतं. गरुडाची नजर, कोल्ह्याचं डोकं आणि हिमालयाची शांती एकाच ठिकाणी पाहायची असेल तर डोंबिवलीला आपल्या चाळीत यावं, असं तो दाढी करताना आरशातल्या माणसाला सांगत असे. पोटासाठी तो बोरीबंदरच्या कचेरीत कारकुनी करायचा, पण ते म्हणे वेषांतर होतं. वेषांतर इतकं बेमालूम, की कचेरीत आजवर कोणालाच संशय आला नव्हता.

दिवाळी तोंडावर होती आणि शुक्रवार, शनिवार, रविवार अशा लागून सुट्ट्या आल्या. त्याच्या बायकोने, मंदाकिनीने, रोखठोक करार केला. डबे घासायचे, घर झाडायचं, भिंतींना चुना मारायचा आणि रविवारी संध्याकाळी ठाण्याला हॉटेलात जेवायला जायचं. मंदाकिनी जन्मात हॉटेलची पायरी चढली नव्हती. तिथे बायकांना बसायला पडदा लावलेली फॅमिली रूम निघालीय, हे कानावर आल्यापासून ती मसाला डोशाचं नाव काढत होती. दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं एकदा तरी जेवावं आणि खरकटं न काढता उठावं, एवढंच तिला हवं होतं.

"जागेची पाहणी केल्याशिवाय डिटेक्टिव्ह पाऊल टाकत नाही," असं म्हणत शुक्रवारी हरिहर अर्धे डबे टाकून एकटाच ठाण्याला गेला. पाहणी चविष्ट झाली. तरी एक शंका राहिली, म्हणून शनिवारी पुन्हा गेला. दोन्ही रात्री त्याला घरी भूक नव्हती.

रविवारी सकाळी तो उघडाबंब होऊन शिडीवर चढला. शिडी शेजारच्या इनासची. इनास ठाकुर्लीच्या पॉवरहाउसात कामाला होता, त्यामुळे उंचावरची कामं कशी करू नयेत हे त्याला ठाऊक होतं. तो खाली शिडी धरून उभा राहिला. दुपारपर्यंत भिंती पांढऱ्या झाल्या आणि हरिहरही. नळ गेला होता, म्हणून त्याने नुसती बंडी चढवली आणि पाटावर टेकला.

"अहो, कपाटाची किल्ली कुठंय?" मंदाकिनीने विचारलं.

कपाटात तिची जांभळी इरकली होती, त्याचा कोट होता, कोटात पाकीट होतं. चुना उडू नये म्हणून सकाळी हरिहरनेच ते बंद केलेलं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची. चुना मारायला त्याने खिळाच उपटला होता, आणि किल्लीचा पत्ता नव्हता. कपाट सागवानी, मंदाकिनीच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. ते फोडायची भाषा केली असती तर आधी संसार फुटला असता.

"अगं, घाबरू नकोस. तू योग्य माणसाशी लग्न केलंयस."

"संध्याकाळची गाडी चुकली की उद्या तुमचं ऑफिस. पुन्हा अशी सुट्टी कधी येणार, देव जाणे." तिचा आवाज बारीक झाला. हरिहरला पाहणीतले डोसे आठवले आणि मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात त्याच्या पाठीत काहीतरी टोचलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "कोणीतरी पाळत ठेवतंय. डिटेक्टिव्हच्या पाठीला शत्रूची नजर टोचते."

"चुन्याची खपली असेल. नळ आला की आंघोळ करा."

पहिला संशय समोरच्या आवडाबाईंवर. त्या सकाळी विरजण न्यायला आल्या होत्या, आणि वाटी घेऊन येणारी बाई वाटीतून काय काय नेऊ शकते याचा समाजाने अजून विचारच केलेला नाही. हरिहरने त्यांच्याकडे जाऊन लागत आलेल्या दह्यात चमचा फिरवून पाहिला. किल्ली निघाली नाही. आवडाबाईंच्या तोंडून मात्र बरंच काही निघालं.

दुसरा संशय कावळ्यावर.

"चकाकणारी वस्तू दिसली की तो उचलतो," हरिहर म्हणाला.

"आपली किल्ली गंजलेली आहे."

"मग कावळा म्हातारा असेल. नजर अधू झालेली."

पाठीत पुन्हा टोचलं. शत्रू जवळच होता. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: मागितल्याबरोबर आपली शिडी देणारा शेजारी या जगात असतोच कसा? तो तडक इनासच्या दारात गेला. इनास शिडीवरचा चुना खरवडत होता.

"इनास, सकाळी काय काय पाहिलंस? खरं सांग."

"तुम्हाला. शिडीखालून दुसरं काय दिसणार?"

"आणि किल्ली?"

"चावी? ती पण बघितलेली. तुमच्या गळ्यात, त्या धाग्याला. सारखी तोंडावर यायची, मग तुम्ही पाठीवर टाकलीत."

हरिहरने बंडीत मागून हात घातला. किल्ली खांद्यांच्या मधोमध जानव्याला लोंबत होती. त्याचे वडील जन्मभर जानव्याला किल्ली बांधायचे, आणि हा मागासलेपणा आपल्या घरात चालणार नाही असं त्याने लग्नाच्या आठवड्यातच जाहीर केलं होतं. मंदाकिनीला म्हणून तर शंका आली नव्हती. आज खिळा उपटल्यावर त्याच्या हातांनी त्याला न विचारता घराण्याची रीत पाळली होती.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुमच्यात असतंय तसं. माझ्या गळ्यात क्रूस, तुमच्या गळ्यात चावी. स्वर्गाची असेल म्हटलं. दुसऱ्याच्या देवाचं कशाला विचारा?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आवडाबाई समोरून म्हणाल्या. दह्याचा राग अजून होता.

मंदाकिनीने जानव्याची गाठ सोडली, कपाट उघडलं, इरकली नेसली आणि किल्ली कमरेला खोचली. नळ आला, आंघोळ झाली, गाडीही मिळाली.

फॅमिली रूमचा पडदा सारून वेटर आत आला आणि हरिहरला पाहून ओळखीचं हसला. "साहेब, आज पण? कालचंच आणू?"

हरिहर पंख्याकडे बघू लागला. "अगं, ती पाहणी होती..."

"ठाऊक आहे. शुक्रवारी मिशीला ओल्या खोबऱ्याची चटणी होती. काल बाहीला सांबार, आणि आपल्याकडे पिठलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"डिटेक्टिव्ह तुम्ही. म्हटलं, कधीतरी काढालच शोधून."

तिने सावकाश डोसा खाल्ला आणि दुसरा मागवला. पहिली बशी उचलायला तिचा हात सवयीने पुढे गेला, मग तिने तो हसून मागे घेतला आणि आरामात टेकून हरिहरकडे पाहत बसली. त्याच्या पाठीत पुन्हा टोचलं. किल्ली आता तिच्या कमरेला होती.